विश्लेषण : अकरा वाहतूक सेवा, एकच अ‍ॅप… ‘इंटिग्रेशन’चे नियोजन नेमके कसे होते?

बोरिवलीहून घाटकोपरला जायचे, तर अंधेरीपर्यंत पश्चिम रेल्वेची लोकल आणि पुढे मेट्रो १ हा अनेकांचा रोजचा मार्ग. तिथून मुलुंड गाठायचे, तर पुन्हा मध्य रेल्वेची लोकल. स्थानकाबाहेर पडल्यावर बेस्टची बस. प्रवास एकच, पण दर टप्प्यावर तिकिटाची तऱ्हा वेगळी. ही कसरत थांबावी म्हणून ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ‘मुंबई वन’ या अ‍ॅपचे लोकार्पण झाले. एका अ‍ॅपमध्ये अकरा वाहतूक सेवा, असे त्याचे स्वरूप.

प्रवाशाला स्क्रीनवर दिसते ती एक यादी आणि एक क्यूआर कोड. त्यामागे असते ते ‘इंटिग्रेशन’, म्हणजे वेगवेगळ्या मालकांच्या संगणक प्रणाली एकमेकींशी जोडणे. सॉफ्टवेअर कंपन्यांत या कामाचे नियोजन प्रॉडक्ट मॅनेजर करतो. अंधेरी, पवई, गोरेगावच्या कार्यालयांत बसून हेच काम बँका, विमा, किराणा आणि औषधांच्या अ‍ॅपसाठी करणारे अनेक तरुण याच लोकलने घरी जातात. हे नियोजन कसे होते आणि ते चुकले, तर फटका कोणाला बसतो?

‘मुंबई वन’मध्ये काय काय जोडले गेले?

अ‍ॅपच्या घोषणेत अकरा सेवांचा समावेश होता. मेट्रो १, मेट्रो २ अ आणि ७, मेट्रो ३, नवी मुंबई मेट्रो, मोनोरेल, उपनगरी रेल्वे, बेस्ट, तसेच ठाणे, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई या चार महापालिकांच्या परिवहन सेवा. अनेक साधनांच्या प्रवासासाठी एकच तिकीट, विलंबाची आणि पर्यायी मार्गाची माहिती, जवळच्या स्थानकांचा नकाशा आणि आपत्कालीन मदतीची सोय, ही अ‍ॅपची उद्दिष्टे सांगितली गेली.

इथे महत्त्वाची गोष्ट अशी, की या अकरा सेवांचा मालक एक नाही. मेट्रो १ चालवणाऱ्या कंपनीत रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा ७४ टक्के आणि एमएमआरडीएचा २६ टक्के हिस्सा आहे. मेट्रो २ अ आणि ७ चालवणारे महामुंबई मेट्रो संचलन महामंडळ एमएमआरडीएच्या अखत्यारीत येते. मेट्रो ३ ची कंपनी केंद्र आणि राज्य सरकार यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची. नवी मुंबई मेट्रो सिडकोची, बेस्ट मुंबई महापालिकेचा उपक्रम आणि लोकल भारतीय रेल्वेची. म्हणजे प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. प्रत्येकाची भाडेरचना, तिकीट प्रणाली, हिशेब आणि निर्णय घेणारे अधिकारी वेगळे असतात.

इंटिग्रेशन म्हणजे नेमके काय?

उडप्याच्या हॉटेलातील सेल्फ सर्व्हिस काउंटर डोळ्यासमोर आणा. गल्ल्यावरचा माणूस पैसे घेतो आणि कूपन देतो. ते कूपन पाहून आतल्या खिडकीतून इडली मिळते. गल्ल्यावरच्या माणसाला इडली करता येत नाही आणि आतल्याला पैसे मोजण्याशी देणेघेणे नाही. दोघांमध्ये ठरलेले असते ते एवढेच : कूपनवर काय लिहिलेले असेल आणि ते दिसल्यावर काय द्यायचे.

सॉफ्टवेअरमध्ये या ठरलेल्या पद्धतीला एपीआय म्हणतात. अ‍ॅप मेट्रोच्या प्रणालीला विचारते, ‘अंधेरी ते घाटकोपर, एक प्रवासी, भाडे किती?’ प्रणाली उत्तर देते. पैसे भरल्यावर अ‍ॅप पुन्हा मागणी करते आणि मेट्रोची प्रणाली तिकिटाचा कोड पाठवते. गेटवर तो कोड स्कॅन झाला, की दार उघडते.

कूपन एकाच हॉटेलचे असते तेव्हा सारे सोपे. पण गल्ला एक आणि स्वयंपाकघरे अकरा, प्रत्येकाचा मेन्यू वेगळा, एक स्वयंपाकघर दुपारी बंद आणि दुसऱ्याने काल दर वाढवलेले, अशी स्थिती असेल तर? प्रॉडक्ट मॅनेजरचे काम इथून सुरू होते.

प्रॉडक्ट मॅनेजर यात करतो काय?

कोड लिहिणे हे इंजिनीअरचे काम. काय जोडायचे, कोणत्या क्रमाने, किती खोलवर आणि काय सध्या जोडायचे नाही, हे ठरवणे प्रॉडक्ट मॅनेजरचे. नवख्या टीमची पहिली चूक बहुधा इथेच होते. भागीदारांची यादी हाती येते आणि एकेका नावापुढे तारीख लिहिली जाते. नियोजन झाले असे वाटते, पण प्रवासी त्यात कुठेच नसतो.

अनुभवी टीम उलट टोकाकडून सुरुवात करते. बोरिवलीहून सकाळी निघालेल्या प्रवाशाला घाटकोपरला पोहोचेपर्यंत कोणते प्रश्न पडतात? पुढची गाडी किती वाजता? तिकीट कुठे काढायचे? अंधेरीत मेट्रोसाठी कोणत्या पुलाने जायचे? गेट उघडले नाही तर काय? हे प्रश्न क्रमाने लिहिले, की कोणती जोडणी खरोखर हवी आहे ते आपोआप दिसू लागते.

त्यानंतर ठरते जोडणीची खोली. साधारणपणे तीन पातळ्या असतात. पहिली माहितीची : वेळापत्रक, मार्ग, भाडे दाखवणे. दुसरी व्यवहाराची : तिकीट विकणे. तिसरी एकत्रित व्यवहाराची : अनेक सेवांसाठी एकच तिकीट देऊन पैशांची मागाहून वाटणी करणे. पहिल्या पातळीवर चूक झाली, तर प्रवाशाची गाडी चुकते. दुसऱ्या पातळीवर पैसे अडकतात. तिसऱ्या पातळीवर दोन संस्थांमध्ये हिशेबाचा वाद उभा राहतो. प्रत्येक पायरीगणिक धोका वाढतो, म्हणून सगळ्या भागीदारांना एकदम तिसऱ्या पातळीवर नेण्याचा आग्रह शहाणपणाचा नसतो.

आधी कोणाला जोडायचे, हे कसे ठरते?

तीन प्रश्नांची उत्तरे शेजारी-शेजारी मांडली जातात. किती लोकांना उपयोग होईल? जोडायला किती कष्ट पडतील? आणि समोरची संस्था तयार आहे का? तिसरा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. समोरच्याकडे चाचणीसाठी वेगळी प्रणाली, म्हणजे सँडबॉक्स नसेल किंवा शंका विचारायला ठरलेला माणूस नसेल, तर सोपी वाटणारी जोडणीही महिनोन्‌महिने रखडते.

जगातील सर्वांत गाजलेल्या तिकीट जोडणीलाही हे चुकले नाही. लंडनचे ‘ऑयस्टर’ कार्ड २००३ मध्ये आले. भुयारी रेल्वे आणि बस शहराच्या वाहतूक संस्थेच्या हाती होत्या, त्यामुळे तिथे ते वेगाने रुळले. मात्र लंडनमधील इतर उपनगरी रेल्वे वेगवेगळ्या कंपन्या चालवत होत्या. तिथे बहुतेक ठिकाणी ऑयस्टरमधील पैशांतून थेट प्रवास करण्याची सोय जानेवारी २०१० मध्ये सुरू झाली. कार्ड तेच होते. सहा वर्षांहून अधिक काळ गेला तो यंत्रे बसवण्यात, भाड्याचे नियम ठरवण्यात आणि संस्थांचे एकमत होण्यात.

म्हणूनच चांगल्या आराखड्यात प्रत्येक जोडणीपुढे दोन तारखा असतात. आपले काम कधी संपेल ही एक आणि समोरच्याचे कधी संपेल ही दुसरी. दुसऱ्या तारखेची जबाबदारी कोणाची, तेही नावानिशी लिहिलेले असते.

एकाच ठिकाणाची दोन नावे असतील तर?

अंधेरीचेच उदाहरण घेऊ. मेट्रो १ वरील डी. एन. नगर स्थानकात उतरून प्रवासी मेट्रो २ अ पकडतो, पण तिथे स्थानकाचे नाव आहे ‘अंधेरी पश्चिम’. पूर्वेला मेट्रो १ चे स्थानक ‘पश्चिम द्रुतगती महामार्ग’ आणि त्याला पुलाने जोडलेले मेट्रो ७ चे स्थानक ‘गुंदवली’. मरोळ नाक्याला मात्र मेट्रो १ आणि मेट्रो ३ दोन्हींचे नाव एकच. याउलट बोरिवलीत नाव सारखे पण जागा वेगळी : मेट्रो २ अ चे ‘बोरिवली पश्चिम’ स्थानक लिंक रोडवर आहे, रेल्वे स्थानकाला लागून नाही.

माणसाला हे सवयीने कळते. संगणकाला सांगावे लागते. ‘अंधेरी’ असा शब्द टाइप केल्यावर लोकलचे अंधेरी, मेट्रो १ चे अंधेरी की अंधेरी पश्चिम, हे अ‍ॅपने ओळखायचे असेल, तर प्रत्येक संस्थेच्या स्थानक-क्रमांकांची एक सामाईक यादी लागते. या कामाला डेटा मॅपिंग म्हणतात. ते कंटाळवाणे असते आणि बैठकीत दाखवण्यासारखे त्यात काही नसते. पण इथे झालेली चूक प्रवाशाला भलत्याच पुलावर नेऊन उभी करते.

यासाठी जगभर एक प्रमाण पद्धत वापरली जाते, तिचे नाव जीटीएफएस. अमेरिकेतील पोर्टलंड शहराची परिवहन संस्था ट्रायमेट आणि गुगल यांनी २००५ मध्ये एकत्र केलेल्या कामातून ती जन्माला आली. थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरची वेळ अशा साध्या मजकुराच्या फाइल ठरलेल्या रचनेत ठेवायच्या, इतकीच तिची कल्पना. एका स्थानकातून दुसऱ्या स्थानकात चालत जायला किमान किती वेळ लागतो, हेही त्यात नोंदवता येते. अंधेरीसारख्या ठिकाणी गर्दीच्या वेळी हाच आकडा मार्ग सुचवण्यात निर्णायक ठरतो.

प्रत्येकाचे नियम वेगळे, मग तिकीट एक कसे?

मेट्रोत गेट असते. कोड स्कॅन झाल्याशिवाय आत जाता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही. लोकलला असे गेट नाही. प्रवासी थेट फलाटावर जातो आणि तिकीट तपासले जाते ते तपासनीस समोर आला तर. बसमध्ये वाहकाला तिकीट दाखवावे लागते. एकच तिकीट या तिन्ही ठिकाणी चालायचे, तर त्याच्या तीन वेगळ्या तपासण्या आधीच ठरवाव्या लागतात.

रेल्वेच्या यूटीएस अ‍ॅपमधील एक नियम या दृष्टीने बोलका आहे. पेपरलेस तिकीट रुळांपासून ठरावीक अंतराबाहेर असतानाच काढता यावे, अशी त्यात रचना होती. कारण उघड आहे. तपासनीस दिसल्यावर खिशातून फोन काढून तिकीट घेण्याची पळवाट बंद करायची होती. लोकलचे तिकीट विकणाऱ्या कुठल्याही सामाईक अ‍ॅपला रेल्वेचे असे नियमही सोबत घ्यावे लागतात. मेट्रोसाठी अशा नियमाची गरज नाही, कारण तिथे गेटच पहारा देते.

दुसरा मुद्दा नेटवर्कचा. भुयारी स्थानकात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. त्यामुळे काढलेले तिकीट फोनमध्ये साठवले जाते का, इंटरनेट नसताना ते उघडते का, हे प्रश्न आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवेत. कार्ड आणि अ‍ॅप यांतील मोठा फरकही हाच आहे. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डमध्ये शिल्लक चिपवर राहते, त्यामुळे गेटवर इंटरनेटची वाट पाहावी लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत मेट्रो २ अ आणि ७ च्या दुसऱ्या टप्प्यासोबत असेच ‘मुंबई १’ कार्ड आणि त्याच नावाचे अ‍ॅप आले होते.

पैसे कापले गेले, पण तिकीट आले नाही तर?

इंटिग्रेशनची खरी परीक्षा ही आहे. यशस्वी व्यवहाराचा मार्ग एकच असतो, फसण्याचे अनेक. बँकेतून पैसे गेले पण अ‍ॅपला कळले नाही. अ‍ॅपला कळले पण मेट्रोच्या प्रणालीने वेळेत उत्तर दिले नाही. तिकीट तयार झाले पण प्रवाशाच्या फोनवर पोहोचले नाही. तिन्ही वेळा प्रवाशाला दिसते ते एकच : फिरणारे चक्र.

अशा वेळी माणूस पुन्हा बटण दाबतो. मागे रांग असते, गाडी येत असते. म्हणून प्रत्येक मागणीला एक स्वतंत्र क्रमांक दिला जातो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर नवे तिकीट काढायचे नाही, आधीचेच परत पाठवायचे. तंत्रज्ञ याला ‘आयडम्पोटन्सी’ म्हणतात. प्रवाशाच्या भाषेत, दोनदा दाबले तरी पैसे एकदाच कापले जावेत.

तक्रार कोणाकडे करायची, हे मात्र पैसे कुठे अडकले त्यावर ठरते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण समोर व्यवहाराची पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. पण पैसे विक्रेत्यापर्यंत पोहोचले आणि तिकीट तेवढे मिळाले नाही, तर व्यवहार बँकेच्या दृष्टीने पूर्ण झालेला असतो. परतावा देण्याची जबाबदारी मग अ‍ॅप किंवा वाहतूक संस्थेवर येते. ही सीमारेषा करारात आधी ठरलेली नसेल, तर प्रवासी एका हेल्पलाइनवरून दुसरीकडे फिरत राहतो.

हिशेबाचेही तसेच. लोकलचे किमान भाडे ५ रुपये, मेट्रो १ चे १० आणि बेस्टच्या साध्या बसचे १०. तीन छोट्या टप्प्यांचा एकत्रित प्रवास २५ रुपयांचा झाला, तर ते पैसे तीन तिजोऱ्यांत जायचे. प्रवाशाने मधूनच प्रवास सोडला तर उरलेल्या तिकिटाचे काय? रोज रात्री अ‍ॅपची नोंद, बँकेची नोंद आणि वाहतूक संस्थेची नोंद जुळवून पाहिली जाते. या ताळमेळात न जुळणाऱ्या ओळी उरल्या, तर त्या कोण सोडवणार, हेही नियोजनातच लिहावे लागते.

भागीदाराने बदल केला किंवा सेवाच थांबली तर?

९ मे २०२५ हा दिवस पाहा. बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे त्या दिवशी ५ वरून १० रुपये आणि वातानुकूलित बसचे ६ वरून १२ रुपये झाले. त्याच दिवशी मेट्रो ३ च्या बीकेसी ते आचार्य अत्रे चौक या टप्प्याचे उद्घाटन झाले. मुंबईच्या प्रवासाची माहिती देणाऱ्या कोणत्याही अ‍ॅपसाठी एकाच वेळी भाड्याचे कोष्टक आणि स्थानकांची यादी दोन्ही बदलण्याची ही वेळ होती. असा बदल किती दिवस आधी कळवायचा, कोणत्या स्वरूपात कळवायचा आणि कोणी तपासायचा, हे करारात असेल तर तो सुरळीत होतो. नाही तर कळते ते प्रवासी वाहकाशी वाद घालू लागल्यावर.

याहून ठळक उदाहरण मोनोरेलचे. वारंवार बिघाड झाल्यानंतर सुधारणांसाठी ती २० सप्टेंबर २०२५ पासून बंद ठेवण्यात आली. ‘मुंबई वन’चे लोकार्पण झाले ८ ऑक्टोबरला. म्हणजे अकरांच्या यादीतील एक सेवा पहिल्या दिवशी धावतच नव्हती. कोणत्याही टीमने यातून घ्यायचा धडा साधा आहे. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र बटण हवे. एक सेवा थांबली, तर तेवढीच बंद करता यावी, तिचे मार्ग सुचवणे थांबावे, प्रवाशाला स्पष्ट सूचना दिसावी आणि बाकीच्या दहा सेवा निर्धोक चालू राहाव्यात.

छोट्या टीमने यातून काय घ्यावे?

अकरा सरकारी-निमसरकारी सेवांऐवजी एक पेमेंट कंपनी आणि एक कुरिअर सेवा जोडायची असली, तरी प्रश्न हेच राहतात. काम सुरू करण्याआधी एका पानावर सहा उत्तरे लिहिता आली पाहिजेत.

• ही जोडणी वापरकर्त्याचा नेमका कोणता त्रास कमी करते?

• माहिती, व्यवहार की एकत्रित हिशेब, सध्या कोणत्या पातळीपर्यंत जायचे?

• समोरच्या संस्थेत होकार कोणाचा लागतो आणि अडचण आल्यावर फोन कोण उचलतो?

• दोन्हीकडची नावे, क्रमांक आणि नियम कुठे जुळत नाहीत?

• पैसे अडकले तर किती वेळात, कोणाकडून परत मिळतील?

• समोरची सेवा बंद पडली तर आपल्या अ‍ॅपमध्ये काय दिसेल?

शेवटच्या दोन प्रश्नांना ‘नंतर बघू’ असे उत्तर मिळत असेल, तर लोकार्पणाची तारीख पुढे ढकललेली बरी. कारण ते ‘नंतर’ येते तेव्हा टीम सहसा घरी असते आणि वापरकर्ता गेटवर.

प्रवाशाने काय पाहावे?

एखादे सामाईक अ‍ॅप किती सेवा जोडते, हा आकडा जाहिरातीसाठी ठीक आहे. रोजच्या प्रवाशासाठी कसोट्या वेगळ्या आहेत. आपल्या मार्गावरच्या सर्व टप्प्यांचे तिकीट त्यात मिळते का? इंटरनेट नसताना ते उघडते का? भाडे आजचे आहे का? अडकलेले पैसे परत येण्याची मुदत अ‍ॅपमध्ये लिहिली आहे का? नवे अ‍ॅप वापरायला घेताना पहिले काही दिवस तिकीट स्थानकात पोहोचण्याआधी, निवांतपणे काढून पाहावे आणि व्यवहाराचा क्रमांक स्क्रीनशॉट घेऊन जपून ठेवावा. तक्रारीत पहिल्यांदा तोच विचारला जातो.

मुलुंडमधून जाणारी मेट्रो ४ सुरू होईल, तेव्हा जोडायच्या सेवांत आणखी भर पडेल. नवी स्थानके येतील, नवी नावे येतील, भाड्याचे नवे कोष्टक येईल. तेव्हा सकाळी नऊच्या गर्दीत, हातात बॅग आणि पाठीवर मागच्याचे कोपर असताना गेट पहिल्या स्कॅनला उघडले, तर या सगळ्या नियोजनाची आठवण कोणालाही येणार नाही. ते जमले आहे, याची खूण तीच.